चोरखिसा कोणाचा?
(विभागीय अभ्यासवर्गात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आजचा विषय वाचून काहींनी मला चहाच्या वेळीच गाठले. म्हणाले, "सचिवसाहेब, मोटारीतल्या चोरकप्प्याशी आपल्या युनियनचा काय संबंध?" संबंध आहे, म्हणूनच उभा राहिलो. मी मॅट्रिक झालेला माणूस, वकील नाही. पण चार्जशीटची उत्तरे लिहिता लिहिता कायद्याची भाषा थोडीफार कळू लागली आहे.

सुरुवात घरातून करू. माझे वडील पगाराच्या दिवशी बंडीच्या आतल्या चोरखिशात पैसे ठेवून गर्दीच्या गाडीने घरी येत. तो खिसा आईने हाताने शिवलेला होता. शब्द नीट पाहा. चोरखिसा म्हणतात, पण तो चोराचा नसतो. चोरापासून वाचण्यासाठी साध्या माणसाने केलेला तो खिसा. कपाटातला चोरकप्पा, आजीची कनवट, सगळे त्याच जातीचे. लपवणे म्हणजे गुन्हा, असे आपल्या घरात कोणी मानले नाही.

आता अमेरिकेतली गोष्ट ऐका. तिथे अमली पदार्थांचे व्यापारी मोटारीत चोरकप्पे करून घेतात, हे खरे आहे. त्याला आळा घालण्यासाठी कॅलिफोर्नियाने 1993 साली आणि ओहायो राज्याने 2012 साली कायदे केले. अमली पदार्थ लपवण्याच्या हेतूने मोटारीत कप्पा बनवणे किंवा तशी मोटार जाणूनबुजून वापरणे, हाच ओहायोत गंभीर गुन्हा ठरला. 2013 साली तिथे एका माणसाची गाडी वेग जास्त म्हणून अडवली. पोलिसांनी सांगितले की गांजाचा वास आला. झडतीत काही वायरी दिसल्या, वायरींच्या मागे कप्पा सापडला. कप्पा रिकामा होता. तरीही त्याला अटक झाली.

कायद्यात 'हेतू' हा शब्द आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण बंधूंनो, रिकाम्या कप्प्यात हेतू कसा दिसतो? तो शोधणाऱ्याच्या डोक्यात दिसतो. शब्द कायद्याचा असला तरी रस्त्यावर त्याचा अर्थ लावणारा गणवेशातला माणूस असतो.

दुसरे प्रकरण एका कारागिराचे. कॅलिफोर्नियात मोटारीत स्टिरिओ बसवणारा हा माणूस. हात कुशल. विजेवर उघडणारे कप्पे बनवायचा. गिऱ्हाईक कप्प्यात काय ठेवते हे विचारायचे नाही, हा त्याचा धंद्याचा नियम. एकदा अडकलेला कप्पा उघडताना त्याला नोटांची बंडले दिसली. तरीही नंतर त्याने त्या लोकांचे काम केले. ही त्याची चूक मी झाकणार नाही. पण त्याने स्वतः अमली पदार्थ विकले नव्हते. केंद्रीय न्यायालयाने त्याला कटात सामील धरून चोवीस वर्षांहून अधिक शिक्षा दिली. कारागिराने गिऱ्हाइकाच्या पापाचा वाटा किती उचलायचा? फिटर, सुतार, लोहार असलेल्या प्रत्येकाने याचा विचार करावा.

आता म्हणाल, ही परदेशातली गोष्ट. आपल्या 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम 115 काढून पाहा. माल लपवण्यासाठी बांधलेले किंवा फेरफार केलेले वाहन सीमाशुल्काच्या क्षेत्रात आले तर ते जप्त होऊ शकते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम 35 आहे. आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितले की सरकारी पक्षाने आधी मूळ गोष्टी सिद्ध केल्या पाहिजेत, मगच ओझे आरोपीवर येईल. हा आधार लक्षात ठेवा.

आणि आपला खास कायदा कोणता? 1966 चा रेल्वे मालमत्ता बेकायदा ताबा कायदा. चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याजवळ सापडली, तर ती रीतसर मिळाली हे तुम्ही सिद्ध करायचे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. त्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की या कायद्याखाली चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा दलाचा अधिकारी म्हणजे पोलीस अधिकारी नव्हे. म्हणजे पोलिसापुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, पण या अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब तुमच्याविरुद्ध वापरता येतो.

आता एक अनुभव. ठिकाण सांगत नाही. आमच्या एका फिटरची पत्र्याची पेटी गेटवर तपासली. पेटीला दुहेरी तळ निघाला. तळाखाली रेल्वेचा एक खिळाही नव्हता. मुलाच्या फीसाठी साठवलेले पैसे होते. घरी भावाला दारूचे व्यसन, म्हणून ते पैसे पेटीत. तपासणाऱ्यांचा एकच प्रश्न, "प्रामाणिक माणूस दोन तळ कशाला करील?" गडी सस्पेंड झाला. निर्वाहभत्त्यावर अकरा महिने काढले. मी त्याच्या बचावाला उभा राहिलो आणि तो निर्दोष सुटला. पण फी भरायची तारीख गेली ती गेलीच. मुलाचे एक वर्ष वाया गेले.

आणि एक कबुली देतो. त्या दिवशी मीही त्याला पहिला प्रश्न तोच विचारला होता, "अरे, दुसरा तळ केलासच कशाला?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुम्हीसुद्धा?" तो प्रश्न आजही माझ्या मनातून गेलेला नाही. संशय फक्त प्रशासनाच्या मनात नसतो, तो आपल्याही मनात शिरतो.

टपालातल्या बंधूंना हे वेगळे सांगायला नको. बंद पाकीट म्हणजे कागदाचा चोरकप्पाच. आतले लिहिणाऱ्याचे आणि मिळणाऱ्याचे. 1898 च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला 2023 चा टपाल कायदा जून 2024 पासून लागू आहे. त्याच्या कलम 9 प्रमाणे केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणत्याही अधिकाऱ्याला टपाल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार देऊ शकते. कारणांत राज्याची सुरक्षा आहे, तसेच कोणत्याही कायद्याचा भंग हेही कारण आहे. एवढा रुंद दरवाजा असला की आत कोण शिरेल याचा नेम नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क बंगल्यातल्या तिजोरीला आहे, तसा खलाशाच्या पत्र्याच्या पेटीलाही आहे.

आपण चोराची बाजू घेत नाही. रेल्वेचे पितळ विकणारा आणि पार्सलमधून विष पाठवणारा आपला शत्रू आहे. माल सापडला तर शिक्षा जरूर करा. पण रिकाम्या जागेला शिक्षा करू नका, आणि सिद्ध करण्याचे ओझे आमच्या खांद्यावर टाकू नका.

तोवर एवढे करा. झडती झाली तर पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. जबाब घाईने लिहून देऊ नका. त्याच दिवशी शाखेला कळवा. आणि साथी अडचणीत आला तर त्याला पहिला प्रश्न "का लपवलेस?" असा नको. "आत काय सापडले?" एवढेच विचारा. काहीच सापडले नसेल, तर त्याच्या शेजारी उभे राहा.

कामगार एकजुटीचा विजय असो!