खोडलेला आकडा

 

‘भौतिक राशी व त्यांचे मापन’ या विषयावर मला बोलण्यास सांगितले आहे. मी बी.ए., बी.एड.; विज्ञानाचा पदवीधर नव्हे. परंतु दोन वर्षे विज्ञानाचे तास माझ्याकडे आले आणि मुलांबरोबर मीही शिकलो.

जिचे मापन करता येते ती भौतिक राशी. लांबी, वस्तुमान, काळ अशा सात राशी मूलभूत मानल्या आहेत. वेग, बल वगैरे त्यांच्यापासून निघतात. राशीला आकडा हवा, तसेच एककही हवे. ‘दुकानातून दहा आण’ असे मुलाला सांगितले, तर तो दहा काय आणील?

काही राशींना मात्र आकडा व एकक एवढेच पुरत नाही, दिशाही लागते. अशा राशींना सदिश म्हणतात. आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. मुंबईहून मक्का सुमारे 3,450 किलोमीटर आहे. हे अंतर झाले. पण मुसल्ला कुठे तोंड करून अंथरायचा? आपण सरसकट ‘पश्चिमेला’ म्हणतो. वास्तविक मुंबईहून किब्ला पश्चिमेच्या उत्तरेस सुमारे 10 अंशांवर आहे. सरळ पश्चिमेकडे तोंड करून रेषा काढली, तर ती मक्केपासून साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून जाते. (नमाजेचा मसला उलेमांनी सांगावा, मी भूमितीपुरते बोलतो.) अल्-बिरुनी याने गझनीचा किब्ला गणिताने काढला आणि त्यावर इ.स. 1025 मध्ये ग्रंथ पुरा केला. दिशा अंदाजाने ठरवावी, हे त्याला पटणारे नव्हते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा आहे, ती गोष्ट सांगतो.

आमच्या वर्गात लंबकाचा प्रयोग होता. एका मुलाने दोरा 100 सेंटिमीटर घेतला, 20 आंदोलनांना 40.4 सेकंद लागले. गुरुत्व त्वरण निघाले 9.68. पुस्तकात 9.8. दुसऱ्या दिवशी वही पाहिली, तर 40.4 खोडून 40.1 लिहिलेले! विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “सर, उत्तर जुळत नव्हतं. अब्बा म्हणाले, मार्क जातील.”

मी रागावलो नाही. शाळेत असताना मीही हेच केले होते, आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

आम्ही पुन्हा मोजले. 40.3, 40.5, 40.4. घड्याळ दाबताना अंगठा थोडा मागेपुढे होतोच. म्हणून तर एक आंदोलन न मोजता 20 मोजतात व सरासरी घेतात. या त्रुटी कधी इकडे, कधी तिकडे होतात आणि सरासरीत पुष्कळशा विरून जातात. पण आमचे उत्तर दर वेळी कमीच येत होते. म्हणजे चूक अंगठ्याची नव्हती. कुठे होती?

मुलानेच शोधले. त्याने लांबी दोऱ्याच्या टोकापर्यंत मोजली होती. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. गोळ्याचा व्यास 3 सेंटिमीटर, म्हणजे दीड सेंटिमीटर राहून गेला होता. लांबी 101.5 धरली, वेळ तोच 40.4 ठेवला, आणि उत्तर आले 9.82. अशी त्रुटी शंभर वेळा मोजूनही जात नाही. ती पद्धतीतच बसलेली असते. आणि 40.1 तसाच राहिला असता, तर तो दीड सेंटिमीटर कुणाला कधीच दिसला नसता.

पालकांनो, मूल प्रयोगवही घेऊन आले, की ‘उत्तर जुळलं का?’ असे आपण विचारतो. त्याऐवजी ‘किती वेळा मोजलंस?’ असे विचारून पाहा. मार्कांचे आम्ही शिक्षक पाहून घेऊ. तेवढी जबाबदारी आमची.

त्या मुलाच्या वहीत खोडलेला आकडा अजून दिसतो. नवे पान लिहू का, असे तो विचारत होता. मी नको म्हटले आणि त्याच पानावर सही केली.