कुत्रं बांधून ठेवू नका

(वसंत व्याख्यानमाला, कोल्हापूर. जाहीर विषय : ‘घरचे कुत्रे : निगा, आहार आणि शिक्षण’)



पत्रिकेत निगा, आहार आणि शिक्षण असे तीन शब्द छापलेत. तिन्हींवर बोलणार आहे. पण पशुवैद्यक म्हणून माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली, गगनबावड्याच्या पावसापासून शिरोळच्या नदीकाठापर्यंत, आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. ती आधीच सांगून टाकतो. रात्रभर भुंकणारं, पाहुण्याच्या अंगावर जाणारं, स्वतःचीच शेपूट चावत बसणारं कुत्रं घेऊन लोक येतात आणि गोळी मागतात. त्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा मला दारातल्या साखळीत सापडलं.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न, सर्वोच्च न्यायालयाचे 2025 चे आदेश, निर्बीजीकरण, हे तुम्ही सगळ्यांनी पेपरात वाचलेलं आहे. त्यात आज शिरत नाही. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्याबद्दलही कुणी चिठ्ठी पाठवू नये. (हशा) आज बोलायचं ते तुम्ही स्वतःहून घरी आणलेल्या कुत्र्याबद्दल.

आहारापासून सुरुवात करू, कारण कोल्हापुरात खाण्याचं आधी बोलावं लागतं. आपल्याकडे रविवारी मटण असतं आणि सोमवारी सकाळी दवाखान्यात कुत्री असतात. ताटातली हाडं गोळा करून त्याच्यापुढे टाकायची, ही आपली माया. पण शिजलेलं हाड ठिसूळ होतं. दाताखाली त्याच्या टोकदार चिपा निघतात, त्या घशात रुततात, आतड्यात अडकतात, कधी आतडं फाडतात. शिवाय रश्श्यात कांदा-लसूण. कांद्या-लसणातल्या गंधकाच्या घटकांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एका दिवसात मोठं कुत्रं काही पडत नाही, पण रोजचं उष्टं मिळत गेलं की हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं जिना चढेनासं होतं, आणि मालक म्हणतो, वय झालं.

(श्रोत्यांतून : ‘डॉक्टर, मग पांढरा रस्सा चालेल का?’ हशा.)

नाही चालणार. विचारलंत ते बरं झालं, कारण हा प्रश्न खरोखर विचारला जातो. पांढऱ्यात लसूण आहे. तुम्ही ज्याला अळणी म्हणता त्यातही कांदा, आलं-लसूण पडलेलंच असतं. कुत्र्यासाठी चार तुकडे बाजूला काढा, नुसत्या पाण्यात शिजवा, हाड काढा, आणि मग द्या.

भाकरी चालते. ‘कुत्रा मांसाहारी, त्याला भाकरी कशाला’ असं हल्ली ऐकू येतं. 2013 साली ‘नेचर’मध्ये स्वीडनच्या संशोधकांचा अभ्यास आला. पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षं बसून कुत्र्याचं पोट बदललं. पण नुसती दूध-भाकरी पुरत नाही. अंडं, उकडलेलं चिकन, थोडी भाजी, असं सोबत हवं. दूध सगळ्यांना पचतं असंही नाही. आपण कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध कौतुकानं पाजतो आणि मग जुलाब लागले म्हणून येतो. अशा कुत्र्याला दही किंवा पातळ ताक सोसतं. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोन वेळा, पिल्लाला तीन-चार वेळा, आणि पाणी कायम समोर.

द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नकोत. तासगाव जवळ असल्यामुळे आपल्या घरात बेदाणा मुबलक असतो आणि पोरं मूठभर टाकतात. त्यानं मूत्रपिंड बंद पडू शकतं. चॉकलेट नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या-च्युइंगम नकोत, त्यानं रक्तातली साखर झपाट्यानं खाली येते. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन हातानं देऊ नका. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, एकशे एक ते एकशे अडीच फॅरनहाइट. ते तापलेलं नाही.

निगेचं थोडक्यात. जंतांचं औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. डिस्टेंपर-पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू करायची आणि सोळा आठवड्यांपर्यंत पुरी करायची. रेबीजची बारा आठवड्यांच्या सुमारास, पुढे डॉक्टर सांगतील तशी, चुकवायची नाही. कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, तर हळद-चुना काही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पावसाळ्यात लेप्टोची लस विचारा, उसाच्या रानात उंदीर असतात आणि साचलेल्या पाण्यातून तो आजार येतो. गोचीड बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या घडीत बघा. आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवू नका. हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवा. पाच-सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर त्याचे तळवेही भाजणार.

आता शिक्षण. पेठेतली माणसं इथे बसली आहेत, म्हणून तालमीचंच उदाहरण देतो. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. ठरल्या वेळी यायला लावतो, माती अंगाला लागू देतो, मोठ्यांच्या कुस्त्या बघू देतो. कुत्र्याचंही तसंच आहे. रोज ठरलेल्या वेळी पाच-दहा मिनिटं पुरतात. एका कामाला एकच शब्द, आणि तो घरातल्या सगळ्यांनी सारखाच वापरायचा. आजी ‘बस’ म्हणते, पोरगा ‘सिट’ म्हणतो, वडील नुसते ओरडतात, मग त्यानं ऐकायचं कुणाचं? त्यानं बरोबर केलं की त्याच क्षणी शाबासकी. चार मिनिटांनी बिस्किट दिलं तर ते कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. मारल्यानं ते एकच शिकतं, की हात वर गेला की भ्यायचं, आणि भ्यालेलं कुत्रं चावतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात मोलाचा. त्या दिवसांत त्याला म्हातारी माणसं, लहान मुलं, रिक्षा, सायकल, मिरवणुकीतले ढोल, सगळं दुरून आणि हळूहळू दाखवा. नेमक्या त्याच दिवसांत आपण काय करतो? पिल्लू आणतो आणि दाराशी बांधतो.

इथे मला जरा थांबावं लागेल.

1994 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला एक अभ्यास ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला. चावलेली कुत्री आणि न चावलेली कुत्री यांची तुलना केली होती. अंगणात साखळीनं बांधलेल्या कुत्र्यांमध्ये चावण्याची शक्यता 2.8 पट निघाली. मालकाचा समज बरोबर उलटा असतो : चावतं म्हणून बांधलंय. भीती वाटली तर पळून जायचं, हा कुत्र्याचा पहिला मार्ग. साखळीनं तो बंद केला की दुसरा उरतो. आपला कायदाही हे जाणतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्याच्यासाठी चिकाटी धरली, त्या 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अकराव्या कलमात दोन गोष्टी आहेत. जनावर अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं फार वेळ बांधणं हा गुन्हा. आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही मालकाचा गुन्हा. कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय. साठाहून अधिक वर्षं झाली, किती घरांना माहीत आहे?

मागे पट्टणकोडोलीच्या बाजूला एका रानात धनगराची बकरी, म्हणजे मेंढ्या, बसवली होती. मी आंत्रविषाराची लस टोचायला गेलो होतो. मेंढ्या जाळीच्या कुंपणात, बाजूला घोडी, बिऱ्हाड, आणि तीन मोठी कुत्री नि एक पिल्लू. मी पोचलो तेव्हा तिन्ही कुत्री उठली, भुंकली, धनगर माझ्याशी बोलायला लागला तशी जवळ आली, मला एकदा हुंगलं आणि परत सावलीत गेली. नंतर दिवसभर मी त्यांच्या मेंढ्यांना सुया टोचत होतो, मेंढ्या ओरडत होत्या, पण कुत्र्यांनी मान वर केली नाही. पिल्लाचं मात्र बघत राहिलो. ते एका कोकराच्या मागं लागलं, खेळात. म्हातारी कुत्री उठली, त्याच्यावर उभी राहिली आणि नुसती गुरगुरली. पिल्लू पोटावर पडलं. थोड्या वेळानं परत कोकराकडं गेलं, पण या खेपेला शेजारी बसलं. धनगरानं दुपारी भाकरी सोडली, पिल्लाला हाक मारली, ते आलं तेव्हा तुकडा दिला. मी विचारलं, याला शिकवता कसं? तो म्हणाला, ‘त्याला काय शिकवायचं, डाक्टर? म्होरं मोठी हायती की.’ मी विचारलं, रात्री बांधता का? ‘बांधली तर बकरी कोण राखंल?’ पण त्याच्याजवळ सुताची दोरी होती. गावातनं, रहदारीतनं कळप न्यायचा असला की तो कुत्र्यांना दोरी लावतो आणि पलीकडं रान लागलं की काढतो. लावायची कधी आणि काढायची कधी, हे त्याला ठाऊक आहे. त्या कुत्र्यांना दिवसभर चालणं आहे, रात्री काम आहे, सोबतीला जात आहे आणि धन्याची नजर आहे. आणि आपल्या वसाहतींमध्ये मी वर्षानुवर्षं ज्या बंगल्यांत जातो, तिथलं बांधलेलं कुत्रं मला दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखं अंगावर येतं. कसं ओळखणार? त्यानं मला कधी हुंगलेलंच नाही.

मला त्या धनगराबद्दल अजून बरंच सांगायचं आहे, त्यांच्या कुत्र्यांना गोचीड कशी कमी असते ते, पिल्लं निवडतात कशी ते... पण अध्यक्षांनी घड्याळाकडं बोट केलंय. ठीक.

कारवानी हाऊंडबद्दल दोन शब्द बोलतोच. मुधोळ हाऊंड म्हणून तुम्ही ओळखता तोच. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आपल्याच शेजारचं. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. 30 ऑगस्ट 2020 ला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं, आणि माझ्याकडं चौकशी करणारे वाढले. जात उत्तम आहे, आपल्या हवेला सोसणारी आहे, अभिमान जरूर बाळगा. पण हे कुत्रं माळावर सशामागं धावण्यासाठी घडलेलं आहे. त्याची छाती बघा, पाय बघा. त्याला चार फूट साखळीला बांधायचं असेल तर कृपा करून आणू नका.

(श्रोत्यांतून : ‘मोकळं सोडलं आणि शेजारच्या पोराला चावलं, तर जबाबदार कोण?’ टाळ्या.)

टाळ्या वाजल्या, म्हणजे हा राग अनेकांचा आहे. तो खराही आहे. लहान मुलाच्या तोंडाला टाके पडलेले मी पाहिलेत. पण साहेब, रस्त्यावर सोडा असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. फाटकाच्या आत मोकळं, फाटकाबाहेर पट्टा हातात, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मिळून निदान तासभर फिरवणं. एवढंच मागतोय. फाटक नसेल, जागा नसेल, तासभर वेळ नसेल, तर कुत्रं न पाळणं हाही चांगला निर्णय आहे. जबाबदार मालकच. बांधलेलं असतानाही तोच, कारण एखाद दिवशी साखळी तुटते आणि त्या दिवशी सुटतं ते वर्षभर घाबरलेलं जनावर.

दत्ताची तसबीर ज्यांच्या देवघरात आहे त्यांनी आज घरी गेल्यावर बघावी. चार कुत्री आहेत. एकाच्याही गळ्यात साखळी नाही.

आणि आता जे सांगतो ते वेळ संपली तरी सांगणार. ऑगस्ट 2019. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्यात. पुराचं पाणी चढायला लागलं की आपल्याकडं गाई-म्हशींची दावी सोडतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाणी उतरल्यावर आम्ही गोठे बघत फिरत होतो. काही दारांत, काही पायऱ्यांवर, साखळीला कुत्री तशीच होती. ती माणसं दुष्ट नव्हती. संध्याकाळपर्यंत परत येऊ म्हणून होडीत बसली होती. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा काही घरांनी कुत्री आधीच सोबत नेली, हेही मी पाहिलं. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक घराला सांगतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आलं, की साखळी काढा आणि पट्टा दाराशी टांगून ठेवा. 43 फुटांची, धोका पातळीची वाट बघू नका. तुम्ही निघाल तेव्हा कुत्रं तुमच्यासोबत निघालं पाहिजे.

एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो. ‘आमचा कुत्रा आठ वर्षं बांधलेलाच आहे. आता सोडता येईल का?’

येईल. घाई करू नका. पहिला आठवडा फाटक बंद करून, घरातलं एकच माणूस अंगणात बसून, सकाळी जेवण द्यायच्या आधी दहा मिनिटं मोकळं. लहान मुलं आणि पाहुणे तेव्हा आत. हाक मारली आणि आलं की तिथंच खायला द्या. पुढच्या आठवड्यात वेळ वाढवा, मग घरातलं दुसरं माणूस. बाहेर न्यायचं ते गळपट्ट्यापेक्षा छातीच्या पट्ट्यानं, पहाटे, रस्ता रिकामा असताना. साखळीनं मानेवर घट्टे आणि जखमा झालेल्या असतात, केस बाजूला करून बघा, त्यात किडे पडलेले सापडतात. ते आधी दाखवून घ्या. गुरगुरलं तर मागं व्हा, मारू नका, दुसऱ्या दिवशी परत करा. दोन-तीन महिने लागतील. सांध्यांना सवय नसते, म्हणून आधी सपाट जमिनीवर चालवा.

उरलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडं द्या. आभार होईपर्यंत मी खाली व्हरांड्यात थांबतो. ज्यांनी फोटो आणलेत त्यांनी मानेचे फोटो दाखवावेत.