जुन्या इमारतींची रंगरंगोटी आणि शिशाचा धोका



दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे आणि सोलापूर-वाडी लोहमार्गावरील बाजारपेठेचे शहर. या भागात दगडमातीच्या भिंतींची, माळवदाची जुनी घरे आहेत. जुने वाडे, शाळा व कचेऱ्या आहेत. दिवाळी आली की घरांना आणि उन्हाळ्याची सुटी लागली की शाळांना रंग देण्याचे काम निघते. इमारत स्वच्छ व नेटकी राहावी हा त्यामागील हेतू स्तुत्यच होय. परंतु नवा रंग देण्यापूर्वी जुना रंग ज्या रीतीने खरवडला जातो, तीत एक धोका दडलेला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे आहे. हा धोका शिशाचा आहे.

शिसे कोठे असते?

चुन्याच्या सफेदीत शिसे नसते. त्यामुळे केवळ चुन्याचा हात दिलेल्या भिंतींविषयी चिंता करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तेलरंगाचा. दारे, खिडक्या, कठडे, लोखंडी गज, शाळेतील बाके आणि भिंतीचा खालचा रंगीत पट्टा यांना तेलरंग दिला जातो. पूर्वी शिशाचा सफेदा हा पांढऱ्या तेलरंगाचा प्रमुख घटक होता. पिवळ्या व हिरव्या रंगांत शिशाचे क्रोमेट वापरले जाई. लोखंड गंजू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या तांबड्या अस्तरात अनेकदा शेंदूर असे, आणि शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच एक ऑक्साइड. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगे मिसळली जात. एका जुन्या दारावर अशा रंगाचे चार-पाच थर एकावर एक बसलेले असणे अशक्य नाही.

रंगातील शिशाचा मुलांच्या आजाराशी असलेला संबंध नव्याने उमगलेला नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली तेथील मुलांना झालेल्या शिशाच्या विषबाधेचे मूळ घरांच्या रंगविलेल्या कठड्यांत व भिंतींत असल्याचे दाखवून दिले. १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने रंगकामातील सफेद्याच्या वापराविषयी स्वतंत्र करार संमत केला. आपल्या देशातही १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कळविणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्याच क्रमांकावर होती.

अपाय कोणास आणि कसा?

शिशाचे शरीरात काहीही कार्य नाही. शरीर त्यास कॅल्शियम समजून हाडांत साठविते आणि तेथे ते अनेक वर्षे राहते. गरोदरपणी हेच शिसे मातेच्या हाडांतून रक्तात व तेथून गर्भापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट भाग लहान मूल शोषून घेऊ शकते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. मोठ्या माणसास पोटदुखी, बद्धकोष्ठ व रक्तक्षय होतो. मुलाची मात्र बुद्धी मंदावते, चित्त स्थिर राहत नाही, स्वभाव चिडखोर होतो. आणि झालेली हानी बहुधा भरून येत नाही. मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसविलेल्या एखाद्या मुलाच्या बाबतीत दोष त्याच्या बुद्धीचा नसून त्याच्या रक्तातील शिशाचा असू शकेल, ही शक्यता शिक्षकांनी ध्यानात ठेवावी.

नियम काय सांगतात?

केंद्र शासनाने १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमान्वये १ नोव्हेंबर २०१६ रोजी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशासंबंधीचे नियम अधिसूचित केले. ते २०१७ पासून अंमलात आले. त्यांनुसार अशा रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये, आणि तसा उल्लेख डब्यावर असला पाहिजे. खरेदी करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने व मुख्याध्यापकाने हा उल्लेख पाहूनच डबा स्वीकारावा. कारखान्यातील यंत्रांसाठी बनविलेला रंग स्वस्त मिळाला तरी तो वर्गाच्या खिडकीस लावू नये.

हे नियम नव्या रंगाचे आहेत. दारावर आधीच बसलेला जुना रंग कसा हाताळावा, हे ते सांगत नाहीत. अमेरिकेत यासाठी वेगळा नियम आहे. १९७८ पूर्वीची घरे आणि लहान मुलांच्या शाळा यांची दुरुस्ती मोबदला घेऊन करणाऱ्यास २०१० पासून प्रशिक्षण व प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. उघड्या ज्योतीने रंग जाळणे आणि धूळ शोषून घेणारे साधन न जोडता यंत्राने घासणे यांस तेथे मनाई आहे. या तत्त्वांचा अवलंब करण्यासाठी आपणांस कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे, घट्ट बसलेला, न सुटलेला रंग विनाकारण काढू नये. त्यावर नवा हात देणे हाच सुरक्षित मार्ग होय. २०१७ पूर्वीचा तेलरंग तपासणी झालेली नसेल तर शिसेयुक्त आहे असेच धरून चालावे. सुटलेला रंग काढणे भाग असेल, तर मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे. सामान बाहेर काढून जमिनीवर प्लास्टिकचे जाड कापड अंथरावे. पृष्ठभाग पाण्याने भिजवून मगच पत्र्याने खरवडावे; पॉलिशपेपर ओला करून वापरावा. ब्लो-लॅम्प वापरू नये. काम संपल्यावर कोरड्या केरसुणीने झाडू नये. ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावे. निघालेले पापुद्रे जाड पिशवीत बांधावेत. ते विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. जुन्या रंगीत दारा-खिडक्यांचे लाकूड चुलीत घालण्याची सवय तर कटाक्षाने सोडली पाहिजे, कारण त्या धुरातून व राखेतून शिसे थेट स्वयंपाकघरात पोहोचते.

सर्वांत अधिक धूळ रंगाऱ्याच्या वाट्यास येते. त्याने धूळ अडविणारा योग्य मुखपट्टा वापरावा, भाकरी खाण्यापूर्वी व तंबाखू मळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. अन्यथा त्याच्या अंगावरची धूळ त्याच्याच लेकरांपर्यंत जाते.

यासाठी लागणारा खर्च प्लास्टिक, पाणी, फडकी आणि थोड्या अधिक वेळेचा आहे. तो रंगाऱ्याच्या मजुरीतून निघावा ही अपेक्षा रास्त नव्हे. नगरपरिषदेने व ग्रामपंचायतींनी शाळा आणि अंगणवाड्यांच्या अंदाजपत्रकातच ओल्या खरवडीची व सफाईची स्वतंत्र बाब दाखवावी आणि निविदेत तशी अट घालावी. शाळा व्यवस्थापन समितीने काम सुटीतच पुरे होईल असे पाहावे. दुधनीत मराठी व कन्नड दोन्ही भाषा बोलल्या जातात. तेव्हा रंगाऱ्यांसाठीच्या सूचना दोन्ही भाषांत लावल्या जाव्यात.

शाळेची भिंत उजळ दिसावी यासाठी मुलांच्या बुद्धीचे मोल देण्याचे कारण नाही. पाण्याची एक बादली आणि थोडी दक्षता यांच्या साहाय्याने दोन्ही गोष्टी साधता येतात. येत्या सुटीतील कामापासूनच हा पायंडा पाडणे दुधनीकरांच्या हाती आहे.