घड्याळाशीं शर्यत

सोलापूर शहराला सायकल नवी नाहीं. १८७७ सालीं येथें जुनी गिरणी सुरू झाली, तिच्यामागोमाग इतर गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं, आणि पुढें सायकल आल्यावर भोंग्याच्या हांकेसरशी पाळी गांठणारा सायकलस्वार कामगार हें या शहराचें नित्याचें दृश्य झालें. त्या गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. सायकल मात्र राहिली. फरक पडला आहे तो तिच्यापासून असलेल्या अपेक्षेंत. आज भल्या पहांटे अक्कलकोट रस्त्यानें किंवा विजापूर रस्त्यानें जो तरुण कमरेंत वांकून, मधून मधून मनगटावरील घड्याळाकडे दृष्टि टाकीत वेगानें जातो, त्याला कोठें पोंचावयाचें नसतें. ठराविक अंतर गेल्या खेपेपेक्षां कमी वेळांत कापावें, एवढीच त्याची इच्छा असते.

टाइम ट्रायल या नांवानें ओळखली जाणारी ही शर्यत इतर शर्यतींहून निराळी आहे. इतर शर्यतींत सर्व स्वार एकदम निघतात. येथें एकेका स्वारास, बहुधा एकेका मिनिटाच्या अंतरानें, एकट्यास सोडतात, आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो विजयी ठरतो. पुढच्या स्वाराच्या आडोशास राहून दम वांचविण्याची मुभा येथें नाहीं. ही पद्धत रूढ झाली ती इंग्लंडांत. घोळक्यानें धांवणाऱ्या सायकलींविषयीं तक्रारी होऊं लागल्यामुळें तेथील सायकल-संघटनेनें रस्त्यावरील शर्यतींना विरोध केला. तेव्हां फ्रेडरिक बिडलेक या गृहस्थाच्या पुढाकारानें नॉर्थ रोड क्लबनें १८९५ सालीं स्वारांना एकेकटें सोडून त्यांची वेळ मोजण्याचा मार्ग काढला. स्वारांनीं काळे कपडे घालावे, पहांटे निघावें, आणि शर्यत चालली आहे हें वाटसरूंच्या ध्यानांतहि येऊं नये, अशी पुढें तिची रीत पडली. दहा मैल व पंचवीस मैल हीं अंतरें त्या देशांत अजून लोकप्रिय आहेत. दहा मैल म्हणजे सुमारें १६ किलोमीटर. बऱ्यापैकीं सराव असलेल्या माणसास त्याला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास अठ्ठावीस मिनिटांवर कसा आणावा, हा खरा प्रश्न आहे.

अधिक जोर लावावा, हें त्याचें पहिलें सुचणारें उत्तर. परंतु तें अपुरें आहे. सपाट रस्त्यावर सायकलीचा वेग ताशीं ३० किलोमीटरच्या पुढें गेला म्हणजे स्वाराच्या श्रमांचा तीनचतुर्थांशांहून अधिक भाग केवळ हवा बाजूस सारण्यांत खर्च होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत वाढते. यास्तव वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति जवळजवळ आठपट हवी. इतकेंच नव्हे तर वेग केवळ एकदशांशानें वाढवावयाचा झाला तरी शक्ति सुमारें एकतृतीयांशानें अधिक लागते. एवढी शक्ति अंगीं येण्यास दीर्घकाळ मेहनत करावी लागते. उलट, हवेपुढें आपलें अंग लहान करण्यास एक पैसाहि पडत नाहीं.

सायकल आणि स्वार मिळून हवेचा जो विरोध ओढवून घेतात, त्यांतील सुमारें पाऊण हिस्सा स्वाराच्या शरीराचा असतो. ही एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली म्हणजे कित्येक घरांतील वादाचा निकाल लागेल. हलकी, परदेशी बनावटीची, लाखाच्या घरांतील सायकल मिळाल्याखेरीज वेग येणार नाहीं, अशी पुष्कळ तरुणांची समजूत असते. आणि ती घेण्याची ऐपत नसली कीं ते हा नादच सोडून देतात. वस्तुतः सोलापूरच्या आसपासच्या सपाट मुलखांत सायकलीचें वजन दोन किलोंनीं घटलें तरी सोळा किलोमीटरांत दोनचार सेकंदांहून अधिक लाभ होत नाहीं. याच्या उलट, कोपरें वांकवून आंत घेतलीं, पाठ साधेल तितकी आडवी ठेविली, डोकें खांद्यांच्या मध्यें उतरविलें आणि वाऱ्यानें शिडासारखा फुगणारा सैल सदरा टाकून अंगाबरोबर बसणारा कपडा घातला, तर हवेचा विरोध एकदशांशानें कमी होणें अवघड नाहीं. तेवढ्यानें, तेवढ्याच श्रमांत, अर्ध्या तासांतील पाऊण मिनिट वांचतें. मात्र ही बैठक एका दिवसांत साधत नाहीं. आरंभीं मान दुखते, मांड्या पोटाला लागतात, श्वास कोंडल्यासारखा वाटतो. यासाठीं रोजच्या रपेटींत पांच पांच मिनिटें तिचा अभ्यास करावा, आणि दृष्टि सदैव समोरच्या रस्त्यावर ठेवावी. खालीं मान घालून वेग साधण्याची हौस अनेकांना खड्ड्यांत किंवा उभ्या वाहनावर घेऊन गेली आहे.

बैठकीचें महत्त्व जगाला पटलें तें २३ जुलै १९८९ रोजीं. त्या दिवशीं टूर द फ्रान्स या विख्यात शर्यतीचा अखेरचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत, २४.५ किलोमीटरांचा, घड्याळाशींच होता. फ्रान्सचा लोरां फिन्यों हा तोंवर ५० सेकंदांनीं आघाडीवर होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडनें हात पुढें जुळवून टेकतां येतील असा लांब दांडा आपल्या सायकलीला जोडला होता आणि डोक्यावर निमुळतें शिरस्त्राण घातलें होतें. फिन्यों बोडक्यानेंच निघाला. लेमाँडनें तें अंतर २६ मिनिटें ५७ सेकंदांत काटलें. फिन्योंला ५८ सेकंद अधिक लागले. तीन आठवडे चाललेल्या शर्यतीचा निकाल अवघ्या ८ सेकंदांनीं फिरला. लेमाँडचें बळ कमी नव्हतें. पण त्या ८ सेकंदांत वाऱ्यापासून अंग चोरण्याच्या कलेचा वांटा मोठा होता.

हवेखालोखाल वेळ खाणारी गोष्ट म्हणजे आरंभींची उतावीळ. सुटण्याची खूण झाली कीं पाय हलके वाटतात आणि स्वार सर्व बळ पणास लावतो. परंतु श्वासावाटे मिळणारा प्राणवायु श्रमांच्या मानानें पुरेसा होण्यास दोन मिनिटें तरी जातात. तोंपर्यंत शरीर आपल्या सांठ्यांतून उचल करीत असतें, आणि ही उचल हिशेबाबाहेर झाली तर पुढें सावकारी व्याजानें फेडावी लागते. सहाव्या किलोमीटरला मांड्या जड होतात, आणि पहिल्या दोन मिनिटांत मिळविलेले दहा सेकंद उरलेल्या रस्त्यांत चाळीस होऊन जातात. यावर उपाय दोन. एक, निघण्यापूर्वीं पंधरा-वीस मिनिटें सावकाश सायकल चालवून, मध्यें दोन-तीन वेळां मिनिटभर जोर करून, शरीर तापवून घ्यावें. दुसरा, अंतराचे चार भाग कल्पावे: पहिल्या भागांत हात राखून जावें, मधले दोन भाग एकसारख्या नेटानें काढावे, आणि चौथ्या भागांत शिल्लक असेल तें सर्व खर्चावें. पहिला भाग संपतांना दोन-तीन शब्द बोलण्याइतका श्वास उरला असेल, तर हिशेब बरोबर आहे.

वाऱ्याचा हिशेब याहून सूक्ष्म आहे. पावसाळ्यांत सोलापुराकडे पश्चिमेचा वारा जोराचा असतो. अक्कलकोट रस्त्यानें आठ किलोमीटर जाऊन परत येणाऱ्यास तो जातांना पाठीशीं आणि येतांना समोर मिळतो. समजा, जातांना ताशीं ४० चा वेग पडला आणि येतांना २४ चा. सरासरी ३२ ची झाली, अशा भ्रमांत स्वार राहतो. पण घड्याळ सांगतें कीं जाण्यास १२ मिनिटें व येण्यास २० मिनिटें, म्हणजे एकूण ३२ मिनिटें लागलीं. दोन्हीकडे ३२ चा वेग असता तर तींच ३० झालीं असतीं. मंद वेगाच्या भागांत माणूस अधिक वेळ असतो, म्हणून तेथील तोटा वेगवान भागांत भरून निघत नाहीं. तेव्हां पाठीशीं वारा असतां थोडें बळ राखावें आणि समोरून वारा आला असतां, किंवा चढ लागला असतां, तें खर्चावें. पुष्कळ जण नेमकें याच्या उलट करतात. कारण वेग भरात असतां आणखी जोर करण्याचा मोह होतो, आणि वारा आडवा आला कीं मन खचतें.

आतां बळ वाढविण्याचा विचार. रोज मरेस्तोंवर सायकल हांकल्यानें वेग वाढत नाहीं. थकवा मात्र वाढतो. आठवड्यांतून दोनच दिवस कठीण श्रमांचे असावे. एके दिवशीं चार मिनिटें जोराचीं व तीन मिनिटें सावकाश, असे चार-पांच फेरे करावे. दुसऱ्या दिवशीं शर्यतीच्या वेगाहून किंचित् कमी वेगानें दहा मिनिटांचे दोन फेरे, मध्यें पांच मिनिटांच्या विसांव्यानें करावे. एक दिवस पूर्ण विश्रांति, आणि उरलेल्या दिवशीं बोलत बोलत जातां येईल अशी संथ रपेट. पायडलांचे फेरे मिनिटाला ८५ ते ९५ ठेवावे. फार जड गिअर घालून रेटल्यास मांड्या लवकर थकतात आणि गुडघे धरतात. चाकांत पुरेशी हवा, स्वच्छ व तेल दिलेली सांखळी, आणि चाकाला घांसत नसलेला ब्रेक, एवढी सायकलीची निगा असली म्हणजे नवशिक्यास पुरे. चाळिशी उलटलेल्यांनीं, तसेंच छातीची व्यथा असणारांनीं, हे जोराचे फेरे वैद्यकीय सल्ल्यावांचून सुरू करूं नयेत.

सोलापूरच्या स्वाराला आणखी एक प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे ऊन. शास्त्रदृष्ट्या ऊन वेगाला अनुकूल दिसतें. ४० अंशांची हवा २० अंशांच्या हवेहून सुमारें सहा टक्क्यांनीं विरळ असते आणि विरळ हवेंत विरोध कमी होतो. याच कारणास्तव बेल्जियमच्या एडी मर्क्सनें १९७२ सालीं तासाभरांत ४९.४३१ किलोमीटरांचा विक्रम करण्यासाठीं दोन हजार मीटरांहून उंच असलेलें मेक्सिको शहर निवडलें. परंतु मे महिन्याच्या दुपारीं, पारा ४० च्या वर असतां, शरीर आपलें बरेंच रक्त कातडी थंड ठेवण्याकडे वळवितें, पायांना तें कमी पडतें, आणि घामानें पाणी झपाट्यानें घटतें. हवेनें दिलेलें सर्व, आणि त्यावर आणखी कांहीं, ऊन काढून घेतें. डोकें दुखणें, शहारे येणें, तोल जाणें, बोलण्यांत विसंगति येणें, हीं उष्माघाताचीं लक्षणें आहेत. तीं दिसतांच सायकल थांबवावी, सावलींत आडवें व्हावें, अंगावर पाणी घ्यावें. आणि शुद्ध हरपूं लागल्यास विलंब न करतां रुग्णालय गांठावें. उन्हाळ्यांत सूर्योदयाच्या सुमारास सराव संपवावा. खऱ्या परीक्षेला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या आगेमागेचे, शेतांत ज्वारी डोलत असतांनाचे थंड दिवस उत्तम.

खाण्याविषयीं थोडकें. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी हें सोलापूरचें भूषण खरें. तथापि चटणींतील तेल जिरण्यास वेळ लागतो. शर्यतीपूर्वीं दोन-तीन तास केळीं, थोडे पोहे किंवा दूधभाकरी घ्यावी. चटणी विजयानंतर खावी.

सरावासाठीं रस्ता निवडतांनाहि विवेक हवा. पुण्याहून हैदराबादेस जाणाऱ्या महामार्गावर अवजड गाड्यांची रीघ असते. अशा गाडीच्या मागें लागून मिळविलेला वेग हा तर स्वतःची फसवणूकच. आणि तिनें अचानक ब्रेक लावला तर ती प्राणावर बेतते. कमी रहदारीचा, आडफांटे थोडे असलेला सरळ रस्ता पाहून तोच कायम ठेवावा.

शेवटीं एक वही असावी. तीन-चार आठवड्यांनीं एकदां, त्याच रस्त्यावर, त्याच घटकेला परीक्षा घ्यावी, आणि तारीख, वारा, हवेची उष्णता, पहिल्या व दुसऱ्या अर्ध्याचा वेळ वहींत टिपून ठेवावा. दुसऱ्या अर्ध्याला वाऱ्याच्या हिशेबापेक्षां फार अधिक वेळ लागला असेल, तर दोष पायांचा नसून उतावळेपणाचा आहे. दोन्ही अर्धे जुळले असतील आणि तरी आंकडा हलत नसेल, तर बैठक तपासावी. बैठकहि ठीक असेल, तर मगच बळाचा विचार करावा, आणि सायकलीच्या किंमतीचा सर्वांच्या शेवटीं.