तीन सेट, एक स्पीकर

इथे स्टुडिओत माझ्यापुढे मायक्रोफोन एकच आहे. काचेपलीकडे मात्र मिक्सरच्या फेडरची अख्खी रांग आहे. एक माझ्या आवाजाचा, एक सुरुवातीच्या सुरावटीचा, बाकीचे कशाकशाचे. त्या रांगेवर एका बाईंची बोटं हलतात आणि कोण किती ऐकू यायचं ते ठरतं. मघाशी ते पाहिलं आणि मला घरचा चिवड्याचा डबा आठवला. आज त्या डब्याबद्दलच बोलायचं आहे.

मी हॅम आहे, म्हणजे केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेला हौशी रेडिओवाला. कुठे डोंगरात धावण्याची शर्यत असली की आयोजक आम्हाला बोलावतात, कारण घाटात मोबाइल कधी दगा देईल सांगता येत नाही. वळणावळणावर आमची माणसं हँडसेट घेऊन उभी राहतात आणि खाली मांडवात एका टेबलावर कंट्रोल असतो. माझ्या टेबलावर तीन सेट होते. पहिला डोंगरावरच्या रिपीटरसाठी, म्हणजे आवाज पकडून पुढे फेकणाऱ्या यंत्रासाठी. दुसरा जवळपासच्या स्वयंसेवकांसाठी, थेट सेट ते सेट. तिसरा चाळीस मीटर लहरींचा. पलीकडच्या खोऱ्यात रिपीटर पोचत नाही, तिथल्या मित्राशी त्यावर बोलायचं. तिन्ही स्पीकर तीन दिशांना, आणि माझी मान टेबलफॅनसारखी फिरत होती.

मग वाटलं, तिन्हींचा आवाज एकाच स्पीकरमधून काढू. अवघड काय त्यात? वायरी एकत्र पिळायच्या.

पिळल्या. पहिल्या सेटचा आवाज बसला, आणि दुसऱ्याच्या झाकणाखालून तो वास आला, जो एकदा नाकात गेला की आयुष्यभर ओळखू येतो. ऑडिओची आयसी गेली.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांकडे सेट घेऊन गेलो. झाकण उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "दोन पंप एकाच पाइपाला जोडलेस ना रे? आणि मध्ये व्हॉल्व नाही?"

माझी चूक त्या एका प्रश्नात आली. सेटच्या आत स्पीकर चालवणारा जो अँप्लिफायर असतो, त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध फार कमी असतो, एका ओहमच्याही आत. स्पीकर आठ ओहमचा किंवा चार ओहमचा. दोन अँप्लिफायर समांतर जोडले की पहिल्याच्या दृष्टीने स्पीकरपेक्षा शेजारच्या अँप्लिफायरची वाट सोपी. विहिरीवरचा पंप पाणी वर टाकायचं सोडून दुसऱ्या पंपाच्या तोंडात ढकलतो, तसं होतं. त्यातून गाडीत बसवायच्या बऱ्याच सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, एकही अर्थला नसते. ब्रिज म्हणतात त्या रचनेला. त्यातली एक तार दुसऱ्या सेटच्या अर्थला टेकली की संपलं. माझी नेमकी टेकली होती.

"डबा कर," काका म्हणाले. "धातूचा." घरातला चिवड्याचा डबा उचलला.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत अशा कामाचं सगळं मिळतं. तीन छोटे ट्रान्सफॉर्मर घेतले, सहाशे ओहमला सहाशे ओहम. यांचं काम आवाज वाढवण्याचं नाही. सेटची अर्थ आणि डब्याची अर्थ एकमेकींना भेटू द्यायची नाही, एवढंच. ती भेटली तर पन्नास सायकलची घूंऽऽ सुरू होते आणि थांबता थांबत नाही. हॅमच्या घरात हम, असा विनोद आमच्यात कित्येक वर्षं चालतो आणि अजून कुणाला त्याची लाज वाटत नाही.

ट्रान्सफॉर्मरनंतर प्रत्येक सेटसाठी एक पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायची फिरकी, मग दहा किलोओहमचा एक रेझिस्टर, आणि ते तिन्ही रेझिस्टर ऑप-अँप नावाच्या चिपच्या एका पायावर एकत्र. सगळी गंमत त्या पायावर आहे. ऑप-अँप स्वतःच्या आउटपुटमधून उलटा प्रवाह परत आणून त्या बिंदूचं व्होल्टेज जवळजवळ शून्यावर धरून ठेवतो. तिन्ही प्रवाह तिथे येतात, त्यांची बेरीज होते, पण पहिल्या सेटला दुसऱ्याचा पत्ताच लागत नाही. पुढे एक लहानसा अँप्लिफायर आणि एक आठ ओहमचा स्पीकर. या स्टुडिओतल्या मिक्सरचंही मूळ तत्त्व बेरजेचंच आहे. फक्त तो चिवड्याच्या डब्यात नाही.

डबा धातूचा का, ते पहिल्याच चाचणीत कळलं. झाकण न लावता शेजारच्या सेटचं बटण दाबलं, पन्नास वॉट हवेत गेले आणि स्पीकर किंचाळला. झाकण लावलं, तारांवर फेराइटचे मणी चढवले, शांत. आणखी एक गोष्ट करावी लागली. माइक हातात घेऊन बोलायला लागलं की याच स्पीकरमधून दुसऱ्या सेटवरचं बोलणं आपल्या माइकमध्ये शिरतं. म्हणून बटण दाबताच स्पीकर बंद करणारा एक रिले घातला.

पुढच्या शर्यतीच्या सकाळी सगळं झकास चाललं होतं. पहिला तासभर.

पहिली भानगड खरखरीची. एफएम सेटला स्क्वेल्च असतो. कुणी बोलत नसेल तर तो दार लावून घेतो. चाळीस मीटरच्या सेटवर असं भरवशाचं दार नाही, तिथे आकाशाचा खर्रर्र दिवसभर चालू. तो बाकी दोघांत मिसळला की दूरच्या हँडसेटचा क्षीण आवाज पिठात मीठ पडावं तसा नाहीसा होतो. त्याचा पॉट कमी केला, तर खोऱ्यातला मित्रच ऐकू येईना.

दुसरी भानगड जास्त गंभीर होती. हवेत एकाच एफएम वारंवारितेवर दोघं बोलले तर जो जोरदार तो दुसऱ्याला गिळतो. विमानांच्या एएमवर दोघांच्या आवाजात शिट्टी उठते, म्हणजे निदान कळतं की दोघं होते. माझ्या डब्यात दोघंही सारख्याच दर्जाने आत येत होते, ना शिट्टी, ना गिळणं. एका चौकीवरचा मुलगा सांगत होता की पाण्याचे कॅन संपले. त्याच क्षणी दुसऱ्या सेटवर कुणीतरी सांगत होतं की एका बाईंचा घोटा मुरगळलाय. मी वहीत लिहिलं, 'पाणी मुरगळलं'. ती वही अजून आहे.

हा घोळ नवा नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला विमानतळांच्या कंट्रोल टॉवरमध्ये कित्येक वैमानिकांचे आवाज एकाच स्पीकरमधून एकत्र यायचे आणि कंट्रोलर हैराण व्हायचे. १९५३ साली कॉलिन चेरी या इंग्लिश संशोधकाने यावरचे प्रयोग छापले. एकाच माणसाच्या आवाजातली दोन बोलणी एकत्र ऐकवली, तर ऐकणाऱ्याला ती वेगळी करायला टेप पुन्हापुन्हा लावावी लागे. तीच बोलणी एक डाव्या कानात, एक उजव्या कानात दिली की माणूस एक सहज निवडे. दुसरं मात्र त्याच्या हाती लागत नसे. त्या कानातलं इंग्रजी मध्येच जर्मन झालं तरी त्याला पत्ता नसे.

दिशा ही कानाची मोठी शिदोरी आहे. आवाज एका बाजूने आला तर दुसऱ्या कानाला तो फार तर पाऊण मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यावर मेंदू माणसं वेगळी करतो. लग्नाच्या पंगतीत तुम्ही शेजारच्या काकूंशी बोलू शकता ते बरंचसं याच्या जोरावर. मी तीन स्पीकर काढून एक केला, तेव्हा मानेचे कष्ट वाचले आणि ही शिदोरी गेली.

आता डब्यात बदल केलाय. दोन्ही एफएम सेट अजूनही एकत्र बेरजेत आहेत, कारण ते बहुतेक वेळ गप्प असतात. प्रत्येकाच्या नावाचा एक दिवा पुढे लावलाय, रिपीटरचा हिरवा, थेटचा लाल. बोलणं सुरू झालं की दिवा लागतो, दोन्ही लागले तर मी पेन्सिल उचलत नाही, आधी लाल दिव्याला थांबायला सांगतो. चाळीस मीटरचा सेट डब्यातून बाहेर काढला. त्याचा लहान स्पीकर डावीकडे, टेबलाच्या टोकाला ठेवतो, खर्रर्र करत. काकांनी तो तिथे पाहिला तेव्हा म्हणाले, "म्हणजे स्पीकर परत दोन झाले की!"

झाले. आणि डब्याला भोकं पडल्यामुळे दिवाळीला घरात नवा डबा आणावा लागला, तोही माझ्याच खर्चाने.