वाण्याच्या वहीतलं नाव

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला 'बदलतं शहर आणि स्त्रिया'. विषय एवढा मोठा आहे की त्यावर कुणीही काहीही बोलू शकेल. म्हणून मी तो माझ्यापुरता लहान करून घेतलाय. मी लालबाग, परळ, लोअर परळ या भागात काम करते, म्हणजे ज्याला आपण गिरणगाव म्हणत आलो त्या भागात. तिथे चाळी जाऊन टॉवर आले, कोपऱ्यावरचे वाणी जाऊन मोठ्या कंपन्यांची साखळी दुकानं आली. यात बायकांचं नेमकं काय गेलं, एवढंच मी बोलणार आहे.

इंग्रजीत या प्रकाराला 'जेंट्रिफिकेशन' असा भारदस्त शब्द आहे. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना तो वापरला. पैसेवाले लोक कामगारांची जुनी घरं घेतात, भाव चढतात आणि मूळची माणसं एकेक करून बाहेर पडतात. आमच्या भागातल्या बाया एवढं लांबण लावत नाहीत. त्या म्हणतात, "आमच्यात टॉवर आला."

लंडनपेक्षा आमच्याकडे एक गोष्ट वेगळी घडली. इथे आधी गिरणी गेली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. मग १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातल्या कलम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन विकासाला काढली तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी ठरली. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, ज्यावर बांधकाम उभं आहे ती धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल वैध ठरवला. म्हणजे बागा आणि घरं गेली, आणि मॉल आले. घरांसाठी गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात; २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली ती सात हजारांच्याही आतली. अर्ज भरणारी पुष्कळदा विधवा असते, पण ती सगळीकडे 'वारस' म्हणून. तिने संप कसा निभावला, याचा रकाना त्या अर्जात नाही.

गिरणीत बाया होत्या, हे आता पोरींना सांगावं लागतं. १९२०-३० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पुढे नवी यंत्रं आली, बायकांना रात्रपाळी बंद झाली, बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागू लागला, आणि हळूहळू बाईला कामावर घेणंच थांबलं. संपाच्या वेळेपर्यंत शंभरात चार-पाचसुद्धा धड उरल्या नव्हत्या. मग गिरणगावातल्या बाईने पैसा कुठून कमावला? वस्तीतून. गावाहून एकटे आलेले कामगार तिच्याकडे जेवायचे. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसांचे डबे रांधले जायचे. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खाणावळवाल्या बायकांना घेऊन, त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. याशिवाय कुणी मसाला कुटून द्यायची, कुणी शेव-चकल्या करायची, कुणी पोरं सांभाळायची, कुणी भिशी चालवायची. हे सगळे धंदे चालायचे कारण गिऱ्हाईक जिन्यात भेटायचं. धंदा उचलून विरारला नेता येत नाही. गिऱ्हाईक मागे राहतं.

आता वाण्याकडे येते. आमच्याकडचे वाणी बहुतेक कच्छी. माझ्या माहितीतला एक होता. त्याच्या दुकानात पावशेर तेल मिळायचं, पाच रुपयांची हळद मिळायची, आणि वहीवर मिळायचं. पगाराच्या तारखेला हिशेब. संपाच्या काळात अशा वाण्यांनी किती महिने वह्या ओढल्या, ते जुन्या बायकांना विचारा. उगाच संतमहात्मा करू नका त्याला. भावात तो दोन पैसे जास्त लावायचा, आणि ज्या घराची उधारी थकली त्या घरच्या बाईला चारचौघांत ऐकवायचाही. पण मालाला नाही म्हणायचा नाही.

मग फिनिक्स मिलच्या आवारात आधी बोलिंगचा खेळ आला, पुढे बिग बाजार आला. पहिल्या रविवारी अख्खी चाळ थंड हवेत फिरून आली, मीसुद्धा. पाच किलो साखर स्वस्त, एकावर एक फुकट. पण पाच किलो घ्यायला एकरकमी रोख लागते आणि ठेवायला जागा लागते. रोजचा पैसा हातात येणाऱ्या घराला ती स्वस्ताई परवडत नाही. ज्यांना परवडत होती, ती पक्की गिऱ्हाइकं तिकडे वळली. वाण्याकडे उरली उधारीवाली. रोखीच्या गिऱ्हाइकाच्या जोरावरच तो उधारी देत होता, हे त्याने एकदा मला अगदी शाळेतल्या गणितासारखं समजावून सांगितलं होतं. पुढे त्याची चाळ विकासाला गेली, गाळ्याचे पैसे घेऊन तो डोंबिवलीला गेला. गंमत म्हणजे २०२२ साली बिग बाजारचीही पाटी उतरली. आता दहा मिनिटांत सामान घरपोच देणारे आलेत, तेही उधार देत नाहीत.

याच वाण्याची एक गोष्ट सांगायची आहे, तिच्यासाठीच हे सगळं बोलले.

आमच्याकडे एक वहिनी आल्या. चाळ पाडलेली, नवी इमारत व्हायची. तोवर बिल्डर दरमहा भाडं देणार, आणि ते पैसे भाडेपावतीवर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. नाव नवऱ्याचं. नवरा दोन वर्षांपूर्वीच मारहाण करून वेगळा राहायला गेला होता. चाळीतली खोली वहिनीच चालवत होत्या, चाळ पाडेपर्यंत. आता भाड्याचे पैसे तो घ्यायचा आणि या नालासोपाऱ्याला स्वतःच्या पैशाने खोली घेऊन दोन मुलांसह राहायच्या. बिल्डरच्या कचेरीत त्यांना सांगितलं, "बाई, आमच्या यादीत तुमचं नाव नाही."

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहायचा हक्क दिला आहे. घर भाड्याचं असलं आणि पावती दुसऱ्याच्या नावावर असली तरी. घर सासऱ्याचं म्हणून बाईला बाहेर काढायची जी वाट २००६ च्या निकालाने मोकळी झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये बंद केली. कायदा आपल्या बाजूने होता. पण नवऱ्याने लेखी म्हणणं दिलं, की ही माझ्याबरोबर त्या खोलीत राहतच नव्हती, गावीच असायची. आणि वहिनींकडे कागद कुठला? रेशनकार्ड गावच्या पत्त्यावर. विजेचं बिल सासऱ्यांच्या नावावर. चाळ पाडलेली, शेजारी कुठे कुठे पांगलेले. दोघी सापडल्या, त्यातली एक साक्षीला यायला घाबरली. चार भिंती उभ्या असत्या तर वीस बाया येऊन उभ्या राहिल्या असत्या.

वहिनींनाच आठवलं. म्हणाल्या, "ताई, शेठच्या वहीत माझं नाव होतं." आम्ही डोंबिवली गाठली. शेठने माळ्यावरून लाल बांधणीच्या वह्या काढल्या. गुजरातीत लिहिलेल्या. अकरा वर्षांच्या. दर महिन्याला खोली नंबर आणि वहिनींचं नाव. नवऱ्याचं नव्हे, त्यांचं. कारण माल न्यायला त्या यायच्या, पैसे फेडायला त्या यायच्या. वकीलबाईंनी ते पानन्‌पान मुलांच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर जोडलं, शेठने येऊन साक्ष दिली. अंतरिम आदेश निघाला आणि बिल्डरच्या भाड्याइतकी रक्कम दरमहा वहिनींना द्यायला नवऱ्याला सांगितलं. मुख्य केस अजून चालू आहे. नव्या इमारतीतल्या घराचं काय, ते ठरायचं आहे.

मी त्या वह्या हातात घेतल्या तेव्हा मला जरा शरमच वाटली. समाजकार्याची पदवी घेऊन मी वस्तीचे किती तक्ते केले असतील! कुटुंबप्रमुख, व्यवसाय, उत्पन्न. माझ्याही तक्त्यात कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचंच नाव होतं, आणि वहिनींपुढे 'गृहिणी'.

आता कुणी म्हणेल, तुम्ही चाळीचे गोडवे गाताय. मुळीच नाही. मजल्याला चार सामाईक संडास, रात्री एकटीने जायची भीती, गॅलरीतल्या शंभर डोळ्यांनी मुलींवर ठेवलेला पहारा, हे मी पाहिलेलं आहे. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ जणांना चाव्या दिल्या. स्वतःच्या घरातला संडास म्हणजे काय, ते बाईला विचारा. पुनर्विकास नको, असं आमच्यातली एकही बाई म्हणत नाही. ती विचारते, घर कुणाच्या नावावर होणार? आणि लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा दरमहाचा खर्च कुठून भरायचा? हा दुसरा प्रश्न फार जणींना घर विकायला लावतो. विकायची सही नवऱ्याची असते.

जाता जाता मॉलमधल्या नोकऱ्यांबद्दल, कारण 'तुमच्याच मुलींना काम मिळालं ना' हे नेहमी ऐकवतात. मिळालं, खरं आहे. आमच्या चाळींतल्या कितीतरी मुली काउंटरवर लागल्या, चार पैसे मिळवू लागल्या, लग्न दोन वर्षं पुढे ढकलू शकल्या. हे कमी नाही. पण नोकरी एजन्सीमार्फत, आणि दिवसभर उभं राहून. बसायला स्टूल नाही. केरळात कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या 'पेनकूट्टू' गटाने दुकानांतल्या बायकांच्या संडासासाठी आणि बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. २०१८ साली केरळने आणि २०२१ साली तामिळनाडूने बसायची सोय कायद्यात आणली. आपल्याकडे ही मागणी घेऊन कुणी रस्त्यावर आलंय का, याचा विचार आपण चहाच्या सुट्टीत करू.

आता कामाचं. ज्या ज्या चाळीत विकासाची बोलणी चालू आहेत, तिथे करारावर सह्या व्हायच्या आत पोचायचं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात घर पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायची तरतूद आहे. चाळीच्या भाडेकरूंसाठीही तीच मागणी करायची, निदान सोसायटीच्या ठरावात तरी ती घालून घ्यायची. नवरा वारला असेल आणि बाई त्याच्याबरोबर तिथेच राहत होती, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरूचा हक्क तिच्याकडे येऊ शकतो. पावती बदलून घ्यायला तिला आजच सांगा, पाडकामाच्या नोटिशीनंतर नाही. शाळेचे दाखले, दवाखान्याची कार्डं, भिशीची वही, गॅसचं पुस्तक, जिथे जिथे बाईचं नाव आणि खोलीचा नंबर एकत्र आहे, ते सगळं एका पिशवीत ठेवायचं, आणि ती पिशवी घरात नाही, मैत्रिणीकडे.

आणि तुमच्या भागातला एखादा वाणी दुकान बंद करणार असेल तर त्याच्या जुन्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. मागून घ्या. आमच्या कचेरीत एक कपाट त्यासाठी रिकामं केलं आहे. गुजराती वाचता येणारी एक जण मात्र हवी आहे. इथे कुणी असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.