हरवलेली हातोडी आणि सांपडलेले दागिने

इंग्लंडच्या पूर्व भागांत सफोक परगण्यांत हॉक्सन नांवाचें एक खेडें आहे. १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत तेथील एका शेतकऱ्याची हातोडी शेतांत हरवली. हातोडी ती काय, आणि तिची किंमत ती काय! परंतु हातची वस्तु नाहींशी झाली म्हणजे जिवाला चुटपुट लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. शेतकऱ्यानें आपल्या एका स्नेह्याला पाचारण केलें. त्याच्यापाशीं धातुशोधक यंत्र होतें. नोकरींतून निवृत्त होतांना तें त्याला भेट मिळालें होतें.

या यंत्राची रचना मोठी गमतीची आहे. दांड्याच्या टोंकाला तारेचें वेटोळें असतें. त्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला, कीं भोंवतीं सतत बदलणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्याच्या कक्षेंत धातु आला, कीं त्या धातूंतहि सूक्ष्म प्रवाह फिरूं लागतात; त्यांची चाहूल यंत्राला लागते आणि शोधकाच्या कानांत सूर उमटतो. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांतील गोळी शोधण्यासाठीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं असेंच यंत्र योजिलें होतें. पण तो प्रयत्न फसला. धातु आहे, एवढेंच यंत्र सांगतें. तो कोणाचा, किती मोलाचा आणि त्याचें पुढें काय करावें, हें माणसानेंच ठरवावयाचें असतें.

१६ नोव्हेंबर रोजीं हॉक्सनच्या शेतांत असाच सूर उमटला. माती उकरतांच हातोडीऐवजीं नाणीं, चांदीचे चमचे आणि सोन्याच्या सांखळ्या वर येऊं लागल्या. दोन पिशव्या भरल्या, आणि तेथें शोधणाऱ्याचा हात थांबला! त्यानें अधिक उकरलें नाहीं. शेतकऱ्याला सांगितलें आणि अधिकाऱ्यांना वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशीं पुराणवस्तुसंशोधक आले आणि त्यांनीं तो ठेवा रीतसर बाहेर काढला.

सुमारें १५,००० नाणीं निघालीं. सोन्याचे २९ अलंकार निघाले: १९ कंकणें, सहा कंठभूषणें, तीन अंगठ्या आणि खांद्यांवरून व काखांखालून घेऊन छातीवर जोडावयाची एक सुंदर सांखळी. चांदीचीं चार पात्रें मिरपुडीचीं होतीं. मिरीं त्या काळीं मलबारच्या किनाऱ्यावरून रोमन साम्राज्यांत जात असत. पेटीचें लांकूड कुजून गेलें होतें. तरीहि लोखंडी पट्ट्या आणि चिमुकलीं चांदीचीं कुलुपें जागच्या जागीं सांपडल्यामुळें कोणती वस्तु कशी जपून ठेविली होती, याचा उलगडा झाला. घाईनें खणलें असतें तर सोनें हातीं लागलें असतें; ही हकीकत मात्र कायमची बुजली असती.

एका कंकणावर जाळीच्या अक्षरांत शुभेच्छा कोरलेली आहे: ज्युलियाना बाईसाहेबांनीं हें सुखानें वापरावें. ही ज्युलियाना कोण, हें कोणालाच ठाऊक नाहीं. सर्वांत अलीकडचीं नाणीं इ. स. ४०७-८ च्या सुमाराचीं आहेत; म्हणजे ब्रिटनवरील रोमन सत्ता मावळत होती, तो हा काळ. कोणी तरी धास्तावून ही पेटी पुरली. दिवस पालटतील आणि आपण परत येऊं, अशी आशा धरली. परत कोणीच आलें नाहीं.

ब्रिटिश म्युझियमनें हा ठेवा साडेसतरा लाख पौंड देऊन घेतला. बक्षिसाचा हक्क शोधणाऱ्याचा होता. त्यानें तें शेतकऱ्याबरोबर वांटून घेतलें. भारतांतहि जमिनींत दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावें, असें बंधन १८७८ सालच्या कायद्यानें घातलें आहे. पण कायदा पुढें येण्यापूर्वीं माणसाच्या मनाची कसोटी लागते. एकांत शेत, पायांशीं सोनें आणि पाहणारें कोणी नाहीं, अशा क्षणीं जो हात थांबतो, तोच खरा शोधक.

आणि ती हातोडी? तीहि सांपडली. ज्युलियानेच्या कंकणांप्रमाणें तीहि आतां ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांत आहे.